वाट बघताना मन कसं सांभाळायचं

रिझल्ट, रिपोर्ट, नोकरीचा कॉल, काहीही असो, वाट बघणं जीव खातं. त्यात कोणीतरी येऊन "देवावर सोड" म्हणतं, पण सोडायचं कसं ते सांगत नाही.

आधी फोनचं बघा. सारखं मेल रिफ्रेश करून बॅटरी संपते, उत्तर काही येत नाही. दिवसातून दोनच वेळा ठरवा, तेव्हाच चेक करायचं, मधे हात फोनकडे गेला की तिथेच थांबून एक सावकाश श्वास आणि एकदा नाम, जे तुमचं असेल ते, देव मानत नसाल तर नुसता श्वास पण चालतो.

प्रार्थनेत गोड बोलायची गरज नाहीये. "किती दिवस रे अजून?" असं सरळ विचारा, भांडा, जनाबाईंनी तर विठ्याला शिव्या घातल्यात.

मला शबरीचं जास्त पटतं. राम येणार एवढंच माहीत, तिचे गुरू मतंग ऋषी पण गेलेले, तरी आश्रमातलं रोजचं काम तिने सोडलं नाही. तसं एक काम धरा, शक्यतो दुसऱ्याचं, कोणा आजारी माणसाला ठरल्या वेळी औषध नेऊन द्या.

आणि आशा म्हणजे माझ्या मनासारखंच होणार असं नाही हं. उत्तर "नाही" आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार ते कागदावर लिहून काढा, लिहिताना जड जातं पण नंतर जरा हलकं वाटतं. झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल तर मात्र नुसत्या जपावर राहू नका, डॉक्टरांशी बोला.