हुमण वाढल्यावर चित्र कुठे जातं?

मी रंगवलेली सिरॅमिकची पहिली सहा ताटं फोंड्याच्या घरी जेवायला काढली. मधोमध निळी इसवण (सुरमई), खवलान् खवला रंगवलेली. आईने शीत (भात) वाढलं, वर हुमण, म्हणजे माशांची आमटी, ओतलं आणि इसवण गुडूप. "बरी आहे गो," आई म्हणाली, "पण दिसणार कधी? भांडी घासताना?"

तेव्हापासून मी आधी वाढलेलं ताट कागदावर काढते. भात, आमटी, तळलेली तुकडी यांची जागा सोडून जो काठ उरतो, तो माझा.

चित्रकलेतून भांडी रंगवण्याकडे येणारी मुलं विचारतात, आधी कुंभाराचं चाक शिकायचं का? शिकलात तर उत्तमच, पण त्यासाठी अडून बसू नका. चित्रकार पिकासो १९४७ पासून फ्रान्समधल्या वालोरिसच्या मादुरा या कुंभारकामाच्या कार्यशाळेत काम करू लागला, तेव्हा भांडी तिथले कारागीर घडवत. तो ती रंगवायचा, ओली असताना मुरडायचा. इंग्लंडमधली भांडी रंगवणारी कलाकार क्लॅरिस क्लिफ हिची 'बिझार' मालिका १९२७ च्या सुमारास सुरू झाली ती कारखान्यात पडून राहिलेल्या सदोष कोऱ्या भांड्यांवर. भडक रंगांनी खोट झाकली. तुम्हीही सेकंडचा, म्हणजे किरकोळ खोट असलेला माल घ्या. महागड्या ताटलीवर हात थरथरतो.

ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, मात्र शिकावंच लागतं. अंडरग्लेझचा रंग बिस्कवर (एकदा भाजलेल्या, ग्लेझ न दिलेल्या भांड्यावर) लावायचा, वरून पारदर्शक ग्लेझ. माझं स्टोनवेअर (दगडासारखी टणक होणारी मातीची भांडी) १२२० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतं. ओव्हरग्लेझचा रंग ग्लेझ देऊन भाजलेल्या पक्क्या, चकचकीत भांड्यावर बसतो आणि पुन्हा साधारण ८०० अंशांवर भाजतात. त्यात लाल-नारिंगी झकास खुलतात, पण रंग वरवर राहतो. घासणी आणि आंबट दोन्ही त्याला खातात, आणि आपल्याकडे सोलं, चिंच, व्हिनेगर रोजचंच. एका पुरवठादाराने खाण्यापिण्याच्या भांड्यांना चालतो म्हणून दिलेला लाल मी तीस कपांवर लावून बसले. नंतर एका कपाच्या काठावर लिंबाची चकती रात्रभर ठेवली. सकाळी तिथे फिकट चंद्रकोर! ते कप आता ब्रश ठेवायला आहेत. लिंबाने ग्लेझ कच्चं आहे एवढंच कळतं; शिसं आणि कॅडमियम उतरतं का, हे प्रयोगशाळेतच तपासून घ्यावं लागतं. विकायचं असेल तर हा खर्च टाळू नका.

पावसाळ्याचं गणित वेगळं. जूनमध्ये माती वाळता वाळत नाही. चवथीची ऑर्डर आहे म्हणून घाई केलीत, तर आत राहिलेल्या पाण्याची भट्टीत वाफ होते आणि ताटली फुटते, शेजारच्यांनाही घेऊन. गालाला लावून पाहा; गार लागली तर अजून ओली आहे.

नक्षीचं म्हणाल तर अझुलेजूची, म्हणजे पोर्तुगीज रंगीत फरश्यांची निळाई आणि व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांसारख्या रेषा गोव्यात ढिगाने दिसतात. मी जुन्या देवळांच्या भिंतींवरच्या कावीकडे वळले. तिथे तांबड्या थरातून खरवडून खालचा पांढरा चुना काढतात. मी पांढऱ्या मातीच्या ताटलीवर तांबडी स्लिप (पाण्यात पातळ कालवलेली माती) देऊन काठावर तेच करते. स्लिप चामड्याइतकी घट्ट झाली की खरवडायची. आधी खरवडलंत तर रेघ फिसकटते, उशीर झाला तर कपचे उडतात.

आणि बूड. जाणकार गिऱ्हाईक ताटली आधी पालथी करून बघतं. भाजण्यापूर्वी बुडाच्या कड्यावरचं ग्लेझ ओल्या स्पंजने पुसा, नाहीतर ताटली भट्टीच्या फळीलाच चिकटते. भाजल्यावर कडं सँडपेपरने घासा. माझ्या एका ताटाने मावशीच्या शिसवी टेबलावर ओरखडा काढलाय; ती अजून त्यावर रुमाल पसरून ठेवते.