दक्षिण जर्मनीची पाच दिवसांची सहल: या चुका टाळा

दोन दिवसांत अष्टविनायक उरकावेत तशी बरीच मंडळी दक्षिण जर्मनी उरकायला निघतात. म्युनिक, न्यूरेंबर्ग, रोटेनबुर्ग, स्टुटगार्ट, हायडेलबर्ग. पाच रात्री, पाच हॉटेलं. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं, आणि म्युनिक ते न्यूरेंबर्ग आयसीई या वेगवान गाडीने खरोखरच सव्वा तासाचं काम आहे. चुकतं ते मुक्काम हलवायला लागणाऱ्या वेळाचं गणित. सकाळी बॅगा भरा, हॉटेल सोडा, स्टेशन गाठा, पलीकडे उतरून बॅगा ठेवायला लॉकर शोधा, कारण खोली बहुधा दुपारी 3 नंतरच मिळते. सव्वा तासाच्या प्रवासात अर्धा दिवस जातो. असं चारदा केलं की पाचातले दोन दिवस बॅगांनीच खाल्ले.

म्हणून शहरं मोजण्याआधी मुक्काम मोजा. पाच रात्रींना दोन मुक्काम पुरेत: म्युनिकला तीन रात्री, न्यूरेंबर्गला दोन. म्युनिकहून आउग्सबुर्ग, साल्झबुर्ग आणि फ्युसेन एका दिवसात जाऊन येता येतं. न्यूरेंबर्गहून बांबेर्ग, रेगेन्सबुर्ग, वुर्त्सबुर्ग. विमान म्युनिकला उतरणारं आणि परतीचं फ्रँकफर्टहून घेतलं, तर म्युनिकला माघारी यायची फेरी वाचते. स्टुटगार्ट आणि हायडेलबर्ग या खेपेला सोडा. (स्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी शहर आहे हे खरं, पण पाहुणचार पुढच्या वेळी घेता येईल.)

बायर्न-तिकीट घेतलं, पण कशावर चालतं ते वाचलं नाही

सर्वांत जास्त पैसे आणि वेळ इथे जातो. बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्य; त्याचं हे दिवसभराचं तिकीट पाच जणांपर्यंत मिळून घेता येतं आणि माणशी खूप स्वस्त पडतं. पण ते फक्त आरई, आरबी, एस-बान (उपनगरी रेल्वे) अशा प्रादेशिक गाड्यांवर चालतं. आयसीई, आयसी, ईसी, रेलजेट या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर चालत नाही. साल्झबुर्गला जाताना नेमकं हेच होतं: तिकीट साल्झबुर्गपर्यंत वैध आहे, पण आधी येणाऱ्या रेलजेटमध्ये चढलात तर तुम्ही विनातिकीट. जर्मन रेल्वेच्या डीबी नाविगाटोर अ‍ॅपमध्ये फक्त प्रादेशिक गाड्या दाखवण्याचा पर्याय आहे. तो आधी चालू करा. प्रवाशांची नावं तिकिटावर लिहायची असतात, तेही विसरू नका. पश्चिमेकडे हे तिकीट उल्मपर्यंत चालतं. त्यापुढे बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याचं वेगळं तिकीट लागतं.

दुसरी अट वेळेची. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी 9 ला सुरू होतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. आता नॉयश्वानस्टाइन किल्ल्याचा हिशेब करा. 9 नंतरच्या गाडीने म्युनिक ते फ्युसेन सुमारे दोन तास, तिथून बसने किल्ल्याच्या पायथ्याचं होहेनश्वांगाउ दहा मिनिटं, पुढे चढाची वाट 30 ते 40 मिनिटं. किल्ला फक्त ठरावीक वेळेच्या मार्गदर्शित फेरीतच बघता येतो आणि तिकिटावर वेळ छापलेली असते. ती हुकली की प्रवेश नाही. तरीही लोक घरबसल्या 11 ची वेळ घेऊन ठेवतात. कामाच्या दिवशी दीडच्या आधीची वेळ घेऊच नका, किंवा शनिवार-रविवारी जा. शिवाय फ्युसेनच्या गाड्या म्युनिकला बऱ्याचदा मुख्य प्लॅटफॉर्मांच्या बाजूच्या 27 ते 36 क्रमांकांवरून सुटतात; त्या चालण्याला दहा मिनिटं हाताशी ठेवा.

देशभरच्या प्रादेशिक गाड्यांवर चालणाऱ्या डॉइचलांड-तिकिटाला 9 ची अट नाही. मात्र ते मासिक वर्गणीचं आहे (2026 पासून 63 युरो). महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात.

स्वस्त आयसीई तिकीट आणि सात मिनिटांची बदली

‘श्पारप्राइस’ हे स्वस्त तिकीट ठरलेल्याच गाडीला बांधलेलं असतं. उशीर झाल्यामुळे मुक्कामी किमान 20 मिनिटं उशिरा पोचणार असाल, तर ते बंधन सुटतं आणि पुढची गाडी पकडता येते. हे माहीत नसल्याने लोक नवं तिकीट काढतात. 60 मिनिटं किंवा जास्त उशिराला 25 टक्के, 120 मिनिटं किंवा जास्तला 50 टक्के पैसे परत मागता येतात. अ‍ॅप सुचवतं ती सात-आठ मिनिटांची बदली बॅगांसकट अजिबात घेऊ नका. 20 ते 30 मिनिटं हवीत. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटात जागेचं आरक्षण नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं.

नाव एक, गाव भलतंच

मध्ययुगीन तटबंदीचं प्रसिद्ध गाव म्हणजे रोटेनबुर्ग ऑब डेअर टाउबर. त्याच्याशी जुळणाऱ्या नावांची गावं नेकार नदीवर, फुल्डा नदीवर आणि थेट ब्रेमेनजवळही आहेत. तिकिटावर ‘टाउबर’ दिसलंच पाहिजे. तिथे पोचायला श्टाइनाखला गाडी बदलावी लागते, हेही धरून चाला. तसंच ‘म्युनिक वेस्ट’ नावाने विकला जाणारा मेमिंगेन विमानतळ म्युनिकपासून 100 किलोमीटरच्या पुढे आहे. हायडेलबर्गचं स्टेशनही जुन्या गावापासून दोनेक किलोमीटरवर आहे.

वार न बघता आखलेला बेत

रविवारी सुपरमार्केट बंद. मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात, पण महाग पडतात. दूध, फळं, पाव शनिवारी रात्री 8 च्या आत घ्या. सोमवारी बीएमडब्ल्यू संग्रहालय, आल्टे पिनाकोटेक, न्यूरेंबर्गचं जर्मन राष्ट्रीय संग्रहालय बंद असतं. तेव्हा रविवार संग्रहालयांना आणि सोमवार डोंगर-गावांना द्या. 15 ऑगस्टला बव्हेरियाच्या बहुतेक भागात सुट्टी असते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऑक्टोबरफेस्ट या बिअर-उत्सवामुळे म्युनिकची हॉटेलं अवाच्या सवा महागतात. त्या दिवसांत मुक्काम आउग्सबुर्गला ठेवा आणि प्रादेशिक गाडीने ये-जा करा.

शाकाहारी असाल तर ‘माउलटाशेन’ (सारण भरलेला पास्ता) दिसायला साधं, पण आत बहुधा मांस असतं. ‘केझश्पेट्सले’ म्हणजे चीज घातलेल्या नूडल्स; त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना, एवढं विचारा.

परतीचं विमान म्युनिकहूनच असेल, तर विमानतळाच्या एस1 या एस-बान गाडीत कुठल्या डब्यात बसलात ते तपासा. नॉयफार्न स्टेशनला ती दोन भागांत तुटते. मागचा भाग विमानतळाला जातो, पुढचा फ्रायसिंगला. बॅगा घेऊन मधेच धावायचं नसेल तर एस8 पकडा, ती तुटत नाही.