टाइमशेअरच्या प्रेझेंटेशनमध्ये गोडीत ‘नाही’ कसं म्हणावं

टाइमशेअर म्हणजे एखाद्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहण्याचा, बरीच वर्षं पुरणारा विकतचा हक्क; प्रेझेंटेशन म्हणजे तो गळ्यात मारायची बैठक. दोन रात्री फुकट, नाहीतर एखादं व्हाउचर, एवढ्यासाठी माणूस टाइमशेअरच्या प्रेझेंटेशनला जातो. दीड तास म्हणून बसतो आणि तीन तासांनी डोकं धरून बाहेर येतो, कधी कधी सही करून. मीही गेलेय. ‘भीड भिकेची बहीण’ हे लहानपणापासून ऐकलेलं, पण समोरचा हसून बोलत असला, दोनदा पाणी विचारत असला की उठवत नाही. त्यामुळे तयारी आधीच करायची.

जाण्यापूर्वी

निमंत्रणातला बारीक मजकूर वाचा. किती वेळ बसायचं (बहुतेक ठिकाणी ९० मिनिटांच्या आसपास), भेट कधी आणि कोणाकडून मिळणार, जोडीदार सोबत हवाच का, हे त्यात असतं. जोडीदाराची अट उगाच नसते. एकट्याला ‘घरी विचारून सांगतो’ म्हणता येतं. दोघं समोर बसली की ती वाट बंद. म्हणून आदल्या रात्रीच दोघांनी ठरवा की सही करायची नाही, आणि नकार कोण देणार तेही. विक्रेता पाच मिनिटांत दोघांतलं मऊ माणूस हेरतो आणि मग त्याच्याशीच बोलतो. आमच्यात तो माझा नवरा.

बसल्या बसल्या

पहिल्याच मिनिटाला सांगून टाका: “आम्ही ऐकायला आलोय, आज काही घेणार नाही. साडेअकराला निघू.” तो हसून “काहीच हरकत नाही” म्हणेल. त्यावर फार विसंबू नका. पण वेळ सांगून ठेवली की पुढे उठणं सोपं जातं.

गप्पांच्या वेळी

सुट्टीला कुठे जाता, किती दिवस, खर्च किती येतो, असं विचारत तो कागदावर लिहीत जातो. मग त्या खर्चाला २० वर्षांनी गुणतो, खाली आलेल्या आकड्याभोवती पेनाने दोनदा गोल काढतो आणि कागद तुमच्याकडे फिरवतो. आकडा पाहून पोटात गोळा येतो, आणि तो यावा म्हणूनच तो काढलेला असतो. त्या कागदावर काय नाही ते बघा. वार्षिक देखभाल शुल्क नसतं. ते तुम्ही गेलात किंवा नाही गेलात तरी भरावं लागतं आणि बहुधा वाढत जातं. कर्जाने घेतलं तर व्याज नसतं. पुढे विकायला काढल्यावर मूळ किमतीच्या तुलनेत फारच थोडे पैसे येतात, कित्येकदा गिऱ्हाईकच मिळत नाही, हेही कुठे लिहिलेलं नसतं.

“पैशाचा प्रश्न नसता तर घेतलं असतं ना?” या प्रश्नाला चुकूनही हो म्हणू नका. हो म्हटलं की उरलेला वेळ हप्ते कसे बसवायचे यातच जातो.

खरा नकार

इथे आपण सगळेच फसतो. नुसतं ‘नको’ म्हणणं उर्मट वाटतं, म्हणून आपण त्याला एक कारण जोडतो. मीही जोडलं होतं.

“मुलांच्या सुट्ट्यांशी जमत नाही.”
“म्हणूनच तर हे पॉइंटवर आहे, मॅडम. कोणत्याही आठवड्यात वापरा.”
“सध्या खर्च खूप आहेत.”
“मग छोटा हप्ता करून देतो.”
“विचार करून कळवते.”
“नक्की कशाचा विचार? सांगा ना, आत्ताच शंका दूर करू.”

प्रत्येक कारणाचं उत्तर त्याच्याकडे पाठ असतं. कारण दिलं की ते खोडून काढायची संधीच आपण देतो. ज्याला कारणच नाही तो नकार खोडणार कसा? शेवटी मी म्हटलं, “तुम्ही छान समजावलंत, पण आम्ही घेणार नाही.” का, त्याने विचारलं. “आमचं ठरलंय. घेणार नाही.” पुन्हा का. पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. चौथ्या वेळी त्याने पेनाला टोपण लावलं.

आवाज चढवायचा नाही, माफीही मागायची नाही. ‘सॉरी हं’ म्हटलं की आपलंच काहीतरी चुकल्यासारखं होतं. समोरचा बहुधा कमिशनवर काम करतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

मॅनेजर आला की

पेन बंद झालं म्हणजे सुटका झाली असं नाही. आता ‘साहेब’ येतात, आणि मघाचा भाव एकदम खाली येतो, ‘फक्त आजच्यासाठी’. दहा मिनिटांत एवढी उतरणारी किंमत मुळात किती खरी होती, हा प्रश्न मनात ठेवा, विचारू नका; विचारलात की बोलणं परत सुरू. त्यालाही नाही म्हटलं की जाता जाता वर्ष-दोन वर्षांचं ‘ट्रायल’ पॅकेज पुढे येतं. वाक्य तेच.

‘फक्त पात्रता तपासायला’ म्हणून क्रेडिट कार्ड मागितलं तर देऊ नका. ओळखपत्र ठेवून घेतलं असेल तर आधी ते परत घ्या. मग उभे राहा, खुर्ची आत सरकवा आणि विचारा, “वेळ झाली. व्हाउचर कुठे मिळेल?” बसून दिलेल्या नकारावर चर्चा होते, उभ्या माणसाशी ती फार लांबत नाही. व्हाउचरसाठी अजून थांबवायला लागले तर सरळ सोडून द्या.

सही झालीच असेल तर

लाजत बसू नका, करारातली रद्द करण्याची मुदत शोधा. युरोपीय संघात ती १४ दिवसांची आहे, आणि तेवढ्या दिवसांत आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी आहे. अमेरिकेत ती राज्यागणिक बदलते. फ्लोरिडात १० दिवस. विक्रेत्याला फोन करू नका, तो परत समजावायला लागेल. करारात सांगितलेल्या पत्त्यावर, सांगितलेल्या पद्धतीने, मुदतीच्या आत लेखी कळवा: करार क्रमांक, तारीख आणि ‘हा करार रद्द करत आहे’ एवढी एक ओळ. युरोपच्या नियमात तर कारण न देता रद्द करता येतं असं स्पष्टच म्हटलंय. पत्राची प्रत आणि पाठवल्याची पावती जपून ठेवा.