गावातल्या फौजींशी बोलायचंय? मग लढाईचा विषय आधी काढू नका

दहावी-बारावीतली बरीच पोरं विचारतात की फौजेतल्या नोकरीने माणसाचं, घराचं काय होतं हे समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करू. आमच्या साताऱ्याकडं तर लांब जायची गरजच नाही, अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले, तिथला स्मृतिस्तंभ आधी बघून या.

मग आपल्या गावातले माजी सैनिक गाठा. संध्याकाळी पारावर जा, घरी जायचं असेल तर आधी विचारून जा. आणि "काका, किती जणांना मारलंत?" हे चुकूनही विचारू नका. मी अकरावीत असताना विचारलं होतं, सुभेदार काका उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले ते परत आलेच नाहीत. पुढच्या वेळी विचारलं की सुट्टी संपून निघताना एसटी स्टँडवर सोडायला कोण यायचं, तर दीड तास बोलत होते.

घरातल्या बायकांशी वेगळं बसून बोला, हे तर कराच. काकू सांगतात ते काका कधीच सांगत नाहीत, म्हणजे बाळंतपण, शेती, सासऱ्यांचं आजारपण सगळं एकटीनं काढलं आणि नवरा पेन्शनवर आला तेव्हा पोरगं त्याला पाहुण्यासारखं बघायचं. जवान चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो, मग सिक्युरिटीची नाहीतर बँकेतली नोकरी शोधतो, त्याबद्दलपण विचारा. २०२२ पासूनच्या अग्निवीरांचं तर चार वर्षांचंच गणित, पुढं जास्तीत जास्त २५ टक्के ठेवणार, त्यांच्या आईबापाला काय वाटतं तेही ऐका.

पुण्याजवळ असाल तर खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मणक्याला इजा झालेले जवान तिथं राहतात, पण परवानगीशिवाय धडकू नका, तमाशा बघायला तर नकोच.

रेकॉर्डिंग विचारूनच. पोस्टिंगच्या जागा, युनिटची माहिती लिहू नका. कोणी गप्प झालं की तुम्हीपण गप्प बसा, चहा प्या, पुढचा प्रश्न लगेच टाकू नका. झोप लागत नाही असं कोणी बोललं तर डॉक्टरकी झाडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देऊन या, फुकट आहे.

शेवटी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, "हे काढ" म्हणाले तर काढा. आणि ग्रामपंचायतीत एक चक्कर मारा, माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे, पण कितीजणांनी अर्जच केलेला नसतो, तो भरून द्यायला तुम्ही बसू शकता की.