कोलांटी बघणाऱ्याच्याही चुका असतात: जोडीने शिकवताना या टाळा

चौथीच्या वर्गात ४८ पोरं, चार गाद्या आणि ३५ मिनिटांचा तास. बाईंनी एकटीने सगळ्यांच्या कोलांट्या बघायच्या ठरवल्या तर एकेकाच्या वाट्याला ४३ सेकंद येतात, तेही हजेरी आणि रांगा धरायच्या आधी. म्हणून मुलांनीच एकमेकांचं बघावं आणि सांगावं, या मताची मी जुनी आहे. नवीन शिक्षक उत्साहाने सुरुवात करतात आणि तिसऱ्या आठवड्यात ‘आमच्या मुलांना जमत नाही हो’ म्हणून सोडून देतात. मुलांना जमतं. घोळ आपण घालतो.

दहापैकी गुण द्यायला लावणं

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून आधी हीच. नोकरीची पहिलीच वर्षं होती. प्रत्येक जोडीला सांगितलं, जोडीदाराची कोलांटी बघा आणि दहापैकी गुण द्या. दहा मिनिटं वर्ग असा रंगला की मला वाटलं, आपल्याला गुरुकिल्लीच सापडली. मग एका मुलीला तिच्या जोडीदारणीने चार दिले. का गं, विचारलं तर म्हणाली, ‘बाई, तिने काल मला डब्यातलं दिलं नाही.’ सगळे हसले. मीही हसले, आणि तिथेच माझं चुकलं. पुढचे तीन आठवडे ती चारवाली मुलगी रांगेत सगळ्यात मागे. पुढे सरकायची वेळ आली की पुन्हा मागे. कधी पोट दुखायचं, कधी पाय.

खरं म्हणजे तिची कोलांटी बरी होती. फक्त उठताना ती हात मागे टेकायची. एवढंच कुणी सांगितलं असतं तर दोन-तीन प्रयत्नांत सुटलं असतं. ‘चार’ या आकड्यात ते कुठे लिहिलं होतं?

जिम्नॅस्टिक्सच्या मोठ्या स्पर्धांत पंच गुण देतात ना, असं कुणी म्हणतं. देतात, पण कसे? २००६पासून काठिण्याचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. सफाईचे दहापासून सुरू होतात आणि चूक बघून ०.१, ०.३, ०.५ असे कापत जातात, पडलात तर पूर्ण १. २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये आपल्या जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं कांस्य ०.१५ गुणांनी हुकलं, ते याच हिशेबात. म्हणजे शिकून तयार झालेला पंचसुद्धा नेमकी चूक शोधतो. आपण आठ-नऊ वर्षांच्या पोराकडून एका नजरेत निकाल मागतो.

मी आता एकच प्रश्न देते, उत्तर हो किंवा नाही. पहिल्या आठवड्यात प्रश्न हनुवटीचा. करणाऱ्याने हनुवटीखाली रुमाल दाबून धरायचा आणि बघणाऱ्याने फक्त रुमालावर नजर ठेवायची. डोकं आत वळायच्या आधी रुमाल पडला तर हनुवटी सुटली. पडला की पडला, त्यात डब्याचा राग येत नाही.

‘जोरात मार!’

कोलांटी अर्धवट राहून पोरगं गादीवर पसरलं की बघणारा हमखास हेच ओरडतो. ओरडणारच, कारण आपल्यातले कितीतरी सर तेच ओरडत असतात. घाईचा सगळ्यात वाईट सल्ला हा. जोर लावला की मूल डोक्याच्या टाळूवर येतं आणि भार मानेवर जातो. टेकायला हवा डोक्याचा मागचा भाग आणि खांदे, तेही हातांनी भार पेलल्यावर.

कोलांटी अडते ती बहुतेक वेळा जोर कमी पडल्याने नाही, मधेच अंगाचा गोळा सुटल्याने. पाय लांब झाले, टाचा ढुंगणापासून दूर गेल्या की चाक चौकोनी झालंच. म्हणून दुसऱ्या आठवड्याचा प्रश्न: टाचा जवळ होत्या का? तिसऱ्याचा: उठताना हात पुढे होते का? पुढे कुणी हात द्यायला उभं आहे असं समजून दोन्ही हात लांबव म्हटलं की पोरं उठतात. तरी जमलं नाही तर गादीच्या एका टोकाखाली स्प्रिंगबोर्ड (उडीची लवचिक फळी) सरकवून उतार करते.

आणि माझ्या तासाला ‘जोरात’ म्हणणाऱ्याला स्वतः कोलांटी करून दाखवावी लागते, जमेल तितकी हळू. हळू करणं किती अवघड आहे ते कळलं की तो शब्द आपोआप बंद होतो.

बाकीच्या, थोडक्यात

नऊ चौकटींचा तक्ता देऊ नका. कोलांटी व्हायच्या आधीच नऊ चौकटींत बरोबरच्या खुणा झालेल्या मी पाहिल्या आहेत.

बघणारा उभा कुठे आहे ते बघा. कोलांटी बाजूने दिसते. चक्रीला (हातांवरून बाजूला चाकासारखं फिरणं) मात्र खडूच्या रेषेच्या टोकाला उभं राहायचं, तरच हातपाय रेषेवर पडले का ते कळतं.

जिवलग मैत्रिणींची जोडी नको, भांडलेल्यांची तर नकोच. मी हजेरी क्रमांकाने लावते.

मुलांनी एकमेकांना हात लावून आधार द्यायचा नाही. डोळे आणि तोंड, बस. आधार बाईंचा.

उलटं असताना सूचना नको. उभा राहू दे, मग बोला.

जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला जाणारं एखादं मूल वर्गाचा पंच होऊन बसतं. त्यालाही तोच एक प्रश्न.

मोबाइलवर स्लो मोशन काढणाऱ्यांना माझा नमस्कार. तास शूटिंगमध्ये संपतो, आणि लोकांच्या मुलांचे व्हिडिओ आपल्या फोनात कशाला हवेत?

सांगून झाल्यावर लगेच दुसरी खेप हवीच. ऐकलं आणि रांगेत मागे गेला, तर पुढच्या पाळीपर्यंत काय ऐकलं ते विसरतो. म्हणून तिघांचा गट: एक करतो, एक बघतो, एक गादी सरकत नाही ना ते पाहतो, आणि करणारा लागोपाठ दोन कोलांट्या मारतो.

चार गाद्यांवर बारा जण झाले, उरलेल्या ३६ जणांचं काय, हे हमखास विचारतात. ते फरशीवर तराजू (पुढे झुकून एक पाय मागे उचलणं) आणि साधा एका पायावरचा तोल करतात, मग अदलाबदल. जोडीदाराने तीनपर्यंत मोजायचं. तिथे आकडा चालतो, पण मैत्रिणीसाठी ‘एकदोनतीन’ एका दमात म्हणणारे असतातच, त्यामुळे मोजायच्या टाळ्या मीच वाजवते.