‘आय कान्ट टेल’ आणि आईचं ‘सांगता येत नाही’

नोकरीला लागून तिसरा आठवडा होता. पुण्यातल्या एका कंपनीत ब्रिटनमधल्या इंटरनेट ग्राहकांचे फोन घ्यायचं काम. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि थंडीत दीड, त्या हिशेबाने आमची शिफ्ट सुरू व्हायची. त्या दिवशी एका वयस्क गृहस्थांचा फोन आला, इंटरनेट बंद पडलंय म्हणून. मी ठरलेला पहिला प्रश्न विचारला, राउटरवरचा दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? ते म्हणाले, ‘आय कान्ट टेल, लव्ह.’

मी पंढरपूरची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. ‘टेल म्हणजे सांगणे’ हे शाळेत इतकं घोकलेलं, की ‘कान्ट टेल’ म्हणजे ‘सांगू शकत नाही’ हाच अर्थ डोक्यात आला. मला वाटलं, काहीतरी कारण असेल, त्यांना सांगायचं नाहीये. मी अदबीने म्हटलं, सर, तुम्ही सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. मी पुन्हा तीच विनंती केली. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज एकदम बारीक झाला आणि ते म्हणाले, माझी नजर चांगली नाही.

‘लुकलुकतोय की नाही ते मला कळत नाही’, एवढंच ते पहिल्यापासून म्हणत होते. एका म्हाताऱ्या माणसाला परक्या मुलीपुढे आपल्या अधू डोळ्यांची कबुली द्यायला मी भाग पाडलं होतं. माझं व्याकरण चुकलं नव्हतं, उच्चार चुकला नव्हता. एका शब्दाला एकच अर्थ असतो असं धरून चालले, तिथे चुकलं. अशा कामाला नव्याने लागणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे, कारण ट्रेनिंगमध्ये उच्चार घासूनपुसून घेतात, पण ‘टेल’सारख्या साध्या शब्दांवर कोणी पाच मिनिटंही घालवत नाही.

त्या रविवारी आईला फोन केला. तिकडे पाऊस कधी येईल गं, असं सहज विचारलं. ती म्हणाली, ‘काही सांगता येत नाही बाई.’ मी गप्पच झाले. आई काही लपवत नव्हती. तिला कळत नव्हतं, अंदाज येत नव्हता, म्हणून ‘सांगता येत नाही’. अगदी तोच ‘कान्ट टेल’! जो अर्थ मला इंग्रजीत परका वाटला, तो आमच्या घरात रोज बोलला जात होता. ‘देअर इज नो टेलिंग’ म्हणजेही दुसरं काय, ‘काही सांगता यायचं नाही’.

तेव्हापासून मी वहीत शब्दासमोर अर्थ लिहिणं बंद केलं. ग्राहकाचं आख्खं वाक्य लिहायचं, ते कोणत्या प्रसंगात आलं ते लिहायचं, आणि त्याच प्रसंगात माझी आई काय म्हणाली असती ते शेजारी लिहायचं. ‘हाऊ कॅन यू टेल?’ याच्यासमोर ‘कशावरून गं?’ एवढंच लिहिलंय. ‘आय कान्ट टेल देम अपार्ट’ म्हणजे दोघांतला फरकच कळत नाही, जुळ्या भावंडांबद्दल म्हणतात तसं. ‘समथिंग टेल्स मी’ म्हणजे ‘माझं मन सांगतंय’. ‘टाइम विल टेल’ म्हणजे ‘काळच सांगेल’. ‘टेलिंग’ हे विशेषण आलं तेव्हा बराच वेळ अडले होते, मग ‘बोलका’ सुचलं. बोलका पुरावा, बोलकी शांतता. नेमकं बसतं.

जिथे मराठी वाक्य तंतोतंत बसत नाही, तिथे जास्त थांबायला हवं. ‘टेल ऑफ’ म्हणजे खरडपट्टी काढणे. एका बाईंनी डिलिव्हरीवाल्याला ‘टोल्ड ऑफ’ केलं होतं आणि मी नोंदीत लिहिलं की ग्राहकाने त्याला कळवलं. वरच्या मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकून विचारलं, अगं, त्या एवढ्या चिडल्यात हे नोंदीत कुठे आहे? पुढचा फोन घेणाऱ्याला ते माहीत असायला नको का? ‘टेल ऑन’ आणखी वेगळं, त्यात चहाडी असते. पण ‘द स्ट्रेन इज टेलिंग ऑन हिम’ असं आलं तर ताण त्याच्या तब्येतीवर दिसू लागलाय. ‘टेल यू व्हॉट’ने वाक्य सुरू झालं तर समोरचा तोडगा सुचवणार आहे, आपल्या ‘असं करू या का’सारखा.

‘टेल मी अबाउट इट’ मात्र नीट समजून घ्या, हे दिवसातून दहादा कानावर पडतं. मी म्हणायची, सर, इंटरनेट नसलं की घरून काम करणं फार अवघड होतं. ते म्हणायचे, ‘टेल मी अबाउट इट!’ आणि मी खरंच बिघाडाचं कारण समजावून सांगायला लागायची. त्यांना म्हणायचं असायचं, ‘मला काय सांगता, भोगतोय मीच!’ ‘यू आर टेलिंग मी!’ याचाही अर्थ तोच. ओळखायची खूण साधी आहे. ज्या त्रासाबद्दल बोलणं चाललंय तो त्यांचाच असेल, तर ती सहमती समजा आणि ‘आय कॅन इमॅजिन’ म्हणून कामाला लागा. खरोखर माहिती हवी असेल तर बहुतेक वेळा ‘कॅन यू टेल मी’ असं येतं. आपल्या ‘काय सांगतेस!’ला ‘यू डोन्ट से’ जवळचं वाटतं, पण हल्ली ते बरेचदा टोमणा म्हणून वापरतात. फोनवर तुम्ही ते वापरू नका.

आता उलट बाजू, म्हणजे आपलं ‘सांगणं’ त्यांच्या कानाला कसं लागतं. आपण फोन उचलून ‘हां, बोला’ किंवा ‘सांगा’ म्हणतो, त्यात आपुलकी असते. त्याचंच ‘येस, टेल मी’ होतं आणि ते त्यांना फर्मानासारखं ऐकू येतं. ‘हाऊ कॅन आय हेल्प?’ म्हणा. तसंच ‘मी मघाशी सांगितलं तसं’ हे ‘आय ऑलरेडी टोल्ड यू’ झालं की ग्राहकाला वाटतं आपण त्याला झापतोय. ‘ॲज आय मेन्शन्ड’ म्हटलं की धार जाते.

व्याकरणात आपल्याला फायदाही आहे आणि एक खड्डाही. म्हणणे, सांगणे, बोलणे हे तीन शब्द मराठीत वेगळे आहेत, आणि ढोबळमानाने ‘से’, ‘टेल’ आणि ‘स्पीक’ किंवा ‘टॉक’ यांच्या जागा त्याच. ‘मला थांबायला सांगितलं’ आणि ‘टोल्ड मी टु वेट’ यांची बांधणीही सारखी. खड्डा असा, की मराठीत ‘त्याने सांगितलं की’ हे कोणाला सांगितलं ते न बोलताही पूर्ण होतं. इंग्रजीत ‘टोल्ड’नंतर ऐकणारा लागतोच. त्यामुळे ‘ही टोल्ड दॅट’ चूक, ‘ही टोल्ड मी दॅट’ बरोबर. ‘शी सेड मी’ही चूक, तिथे ‘टु मी’ हवं. गोष्ट, विनोद, खरं, खोटं, वेळ एवढ्यांपुढे मात्र ‘टेल’ ऐकणाऱ्याशिवाय चालतं. मला हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले, आणि ते मोठ्याने वाक्यं म्हणून पडलं, नियम वाचून नाही.

पण या शब्दाने मला खरं वेड लावलं ते बँकेमुळे. कॅश काउंटरवरच्या माणसाला ‘टेलर’ का म्हणतात? एटीएममधला ‘टी’ही तोच, ऑटोमेटेड टेलर मशीन. 1987 मध्ये मुंबईत देशातलं पहिलं एटीएम आलं, तेव्हापासून हा शब्द आपण खिशात घेऊन फिरतोय. मशीन काय सांगतं? सांगत नाही, मोजतं. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘मोजणे’ असाही होता. डच भाषेत ‘टेलन’ म्हणजे आजही मोजणे. जर्मनमध्ये ‘त्सेलन’ म्हणजे मोजणे आणि ‘एरत्सेलन’ म्हणजे गोष्ट सांगणे. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे ‘सगळे मिळून’ कसे, ते इथे उलगडतं, सगळे मोजून. माझ्या शेजारी बसणारी सहकारी म्हापशाची. तिच्या घरी रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेवर म्हणायची ख्रिस्ती प्रार्थना, असतो. माळेचे मणी ओढण्याला जुन्या इंग्रजीत ‘टेलिंग द बीड्स’ म्हणतात, हे तिच्याकडून कळलं. एकेक मणी म्हणजे एकेक प्रार्थना, मोजणं आणि म्हणणं एकाच बोटाखाली.

हे ऐकलं आणि मला आमच्याकडचं कीर्तन आठवलं. उत्तररंगात बुवा आख्यान लावतात. ‘आख्यान’ आणि ‘संख्या’ या दोन्ही शब्दांत संस्कृतचा ‘ख्या’ हा एकच धातू आहे. एका उपसर्गाने गोष्ट होते, दुसऱ्याने आकडा. इंग्रजी शब्दाची वाट काढत गेले आणि घरच्या अंगणात येऊन पोचले, असं त्या दिवशी वाटलं. तुम्ही अनुभव घेऊन बघा. शब्दाचा उगम कळला की त्याचे विखुरलेले अर्थ आपोआप जवळ येतात. मोजायचं म्हणजे एकापासून दुसरा वेगळा काढायचा. वेगळा काढता आला की फरक कळला. ‘कॅन टेल’ मी तरी असाच लक्षात ठेवते. केंब्रिज आणि लॉन्गमनचे शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश ऑनलाइन फुकट आहेत, त्यात ‘टेल’चं पान उघडा आणि उदाहरणांची वाक्यं तेवढी वाचा. आधी व्याख्या वाचायला जाऊ नका.

मागच्या थंडीत एका आजींचा फोन आला. दिव्याचं विचारलं तर तेच शब्द, ‘आय कान्ट टेल, डिअर.’ मी म्हटलं, काही हरकत नाही, सावकाश. राउटर तुमच्या हाताशी आहे ना? मग शेजारचा टेबललॅम्प तेवढा बंद करा आणि अंधारात पुन्हा बघा. बटणाचा आवाज आला. थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, ‘ओह येस, नाऊ आय कॅन टेल. इट्स ब्लिंकिंग.’