मॉडेल यूएनची सहल आखताना आधी साठ सेकंदांचा विचार करा

मी इतिहास शिकवते. मॉडेल यूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल, जिथे मुलं एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन कमिट्यांत बोलतात, ठराव लिहितात आणि मतदान करतात. मॉडेल यूएनला मुलं न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते त्या वर्षी दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. पहिल्या खेपेला मी ते शैक्षणिक सहलीसारखंच केलं. तिकिटं, खोल्या, याद्या, गळ्यात शिट्टी. हो, शिट्टीसुद्धा नेली होती. कॉन्फरन्सच्या दिवशी सकाळी पोचलो, बॅगा लॉबीत टाकल्या आणि मुलं चुरगळलेल्या कोटांनिशी थेट कमिटीत जाऊन बसली. संध्याकाळी विचारलं, आज कोण कोण बोललं? बारापैकी दोघं. दुसऱ्या दिवशी तिघं. शेवटच्या दिवशीही तेच तिघं.

पहिल्या सत्रात ज्याचं तोंड उघडत नाही, त्याचं पुढे सहसा उघडत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणून आता मी सगळी आखणी त्या पहिल्या भाषणापासून उलटी करत येते. भाषण असतं साठ सेकंदांचं, फार तर नव्वद. ते प्रत्येक मुलाकडून व्हायचं असेल तर काय काय लागेल? बाकीचं नियोजन त्यातून निघतं.

कॉन्फरन्स निवडताना नावावर जाऊ नका, नियमावली मागवा. मुख्य भेद असा की काही ठिकाणी मुलं ठरावाचा मसुदा घरून लिहून आणू शकतात. नेदरलँड्समधल्या हेगला १९६८ पासून भरणाऱ्या मॉडेल यूएन परिषदेच्या धर्तीवरच्या अनेक कॉन्फरन्समध्ये हे चालतं. विद्यापीठांचे विद्यार्थी चालवतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मात्र तयार मसुदा आणणं म्हणजे नियमभंग. जे लिहायचं ते तिथेच, इतरांशी बोलून. या दोन्हींची तयारी पूर्ण वेगळी आहे. मी एकदा चुकीची तयारी करून घेतली आणि मुलांचे सुबक मसुदे फोल्डरमध्येच राहिले.

मग कमिटीचा आकार. दोनशे डेलिगेटची, म्हणजे प्रतिनिधींची, जनरल असेंब्ली (सगळ्या देशांची आमसभा) ऐकायला भारी वाटते. हिशेब करून बघा. अडीच तासांचं सत्र म्हणजे दीडशे मिनिटं. हजेरी, मोशन (कामकाजाबद्दलचे प्रस्ताव) आणि अनमॉडरेटेड कॉकस (जागेवरून उठून केलेली मोकळी गटचर्चा) यांत निम्मी जातात. उरलेल्या पंचाहत्तर मिनिटांत, माणूस उठून माइकपाशी येण्याचा वेळ धरला तर, जेमतेम साठ भाषणं होतात. दोनशे मुलांत साठ. नवख्या मुलाला त्या गर्दीत नंबर लागलाच नाही असं सांगायची सोय आपणच करून देतो. मी नवख्यांसाठी तीस-चाळीस जणांच्या कमिट्या मागते, किंवा जिथे एका देशाचे दोन प्रतिनिधी बसतात अशी कमिटी. सुरक्षा परिषद पंधरा जणांची असली तरी तिथे नवखं मूल देत नाही. तिथे लपायला जागाच नसते.

देशांच्या पसंतीक्रमात सगळ्यांना व्हेटोवाले पाच हवे असतात, म्हणजे सुरक्षा परिषदेत ठराव एकट्याने अडवू शकणारे कायम सदस्य. माझा सल्ला, छोटा देश घ्या. वानुआतूचंच बघा. हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावं, हा ठराव या चिमुकल्या देशाने पुढाकार घेऊन जनरल असेंब्लीत आणला आणि मार्च २०२३ मध्ये तो मतदानाविना, सर्वसंमतीने मंजूर झाला. ती कल्पना २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लावून धरली होती. हे सांगितलं की वर्गातले चेहरे बदलतात. शिवाय छोट्या देशाकडून कोणी फार अपेक्षा करत नाही, त्यामुळे नवखं मूल मोकळेपणी बोलतं.

पैशांबद्दल थोडक्यात. शुल्क बहुधा दोन असतात, एक संघाचं आणि एक दरडोई. परतावा बंद होण्याची तारीख शोधा आणि पालकांकडचे पैसे त्याच्या आधी जमा होतील अशी स्वतःची तारीख लावा. नाव बदलायची शेवटची तारीखही विचारा, कारण कोणीतरी आजारी पडतंच.

परदेशी जायचं असेल तर व्हिसाचं आमंत्रणपत्र सहसा नोंदणी आणि पैसे भरल्यावरच मिळतं. म्हणजे व्हिसाच्या वेळेवरून मागे मोजत नोंदणीची तारीख ठरते. परतीनंतरही सहा महिने पासपोर्ट चालू असावा, अशी अनेक देशांची अट असते. पहिल्याच पालकसभेत सगळे पासपोर्ट उघडून बघा. अठराखालच्या मुलांसाठी दोन्ही पालकांच्या सहीचं संमतीपत्र घ्या. औषधं आणि ॲलर्जींची यादी कागदावर, माझ्या पर्समध्ये. फोनची बॅटरी नको तेव्हाच संपते.

आता तयारी, जिथे माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. मुलांना सगळ्यात अवघड जातं ते स्वतःचं मत बाजूला ठेवणं. एका अण्वस्त्रधारी देशाचा प्रतिनिधी झालेल्या माझ्या विद्यार्थ्याने अण्वस्त्रं नष्ट करा म्हणून अतिशय सुंदर पोझिशन पेपर (देशाची भूमिका मांडणारं टिपण) लिहिला होता. वाचून मला रडू आलं आणि तो मला परत द्यावा लागला. देशाची भूमिका शोधायला दोन जागा पुरतात. दरवर्षी सप्टेंबरमध्ये जनरल असेंब्लीत सुरू होणाऱ्या सर्वसाधारण चर्चेत त्या देशाने केलेलं भाषण, आणि यूएनच्या डिजिटल लायब्ररीत त्याने कोणत्या ठरावावर कसं मत दिलं त्याच्या नोंदी. भाषणात देश गोड बोलतो, मतदानात खरं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला लावा.

नियमांपैकी दोन गोष्टी घोटून घ्या. हजेरीच्या वेळी बहुतेक ठिकाणी ‘प्रेझेंट’ किंवा ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हणायचं असतं. दुसरं म्हटलं की ठरावावर तटस्थ राहता येत नाही. मुलं रुबाबदार वाटतं म्हणून दुसरं म्हणतात आणि मग अडकतात. आणि सुरक्षा परिषदेत कायम सदस्य तटस्थ राहिला तर तो व्हेटो ठरत नाही, ठराव मंजूर होऊ शकतो.

साठ सेकंदांचा सराव आम्ही उभ्याने करतो, टेबलावर टायमर ठेवून. तीन गोष्टी सांगायच्या, याहून जास्त नाही. आमच्या देशाची भूमिका, तिला आधार देणारी एक ठोस बाब आणि आमचा एक प्रस्ताव. ‘माननीय अध्यक्ष आणि सन्माननीय सहकारी प्रतिनिधींनो’ यातच सात-आठ सेकंद जातात, तेव्हा ते आखडतं घ्या. कॉन्फरन्सची भाषा घरची नसेल तर अवघड शब्द काढून टाकायला सांगते. अडखळून बोललेलं चालतं, पाठ केलेलं मात्र लगेच ओळखू येतं. सरावात मी मुद्दाम मध्येच दार वाजवते, कोणाला तरी खोकायला लावते. मुलं वैतागतात, पण तिथे असंच होतं.

प्रवासाचा माझा एकच हट्ट आहे. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं. एका रात्रीच्या भाड्यावरून पालक कुरकुरतात. त्यांना मी त्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगते. संध्याकाळी आयोजकांना विचारून रिकामी सभागृहं बघून येतो. जो मुलगा आदल्या दिवशी त्या माइकपाशी उभा राहिला आहे, त्याला सकाळी तिथपर्यंत चालत जाणं सोपं जातं. हॉटेल स्थळाच्या शक्य तितकं जवळ घ्या, कारण सत्रं रात्री उशिरापर्यंत चालतात. खोल्या वाटताना एक जुना, एक नवा अशी जोडी करते, मैत्रिणी कितीही रुसल्या तरी. रात्री मसुदा लिहायचा असेल तर ठरलेल्या वेळेपर्यंत लॉबीत, जिथे मी वह्या तपासत बसलेली असते.

सत्र सुरू झालं की शिक्षकाने गायब व्हावं. मागच्या रांगेत दहा मिनिटं बसा आणि निघा. चिठ्ठ्या पाठवू नका, खुणा तर अजिबात नको. सोबतच्या एका सरांना मी अक्षरशः हाताला धरून बाहेर आणलंय. रात्रीच्या बैठकीत मी पुरस्काराचं नाव काढत नाही. विचारते ते एवढंच, की आज कोणाचं म्हणणं ऐकून तू तुझा मसुदा बदललास? पहिल्या दिवशी सगळे गप्प असतात, दुसऱ्या दिवशी भांडणं लागतात.

परतीचं तिकीट समारोपानंतरचं काढा आणि मधे ऐसपैस वेळ ठेवा. ठरावांवरचं मतदान शेवटी येतं आणि ते नेहमी लांबतं. एका वर्षी गाडी लवकरची होती म्हणून मी मुलांना सांगून ठेवलं होतं, मध्ये वेळ मिळाला की बॅगा खाली आणून ठेवा. एक मुलगी तेवढ्यासाठी बाहेर गेली. मतदान सुरू झालं की दारं बंद होतात, कोणाला आत-बाहेर करता येत नाही. तिने तीन दिवस खपून जुळवलेल्या मसुद्यावर मतदान झालं तेव्हा ती काचेच्या दाराबाहेर बॅग धरून उभी होती आणि मी तिच्या शेजारी. आतले हात मोजून तीच म्हणाली, “मॅडम, झाला पास.” आता शेवटच्या दिवशी बॅगा नाश्त्याच्या आधी खाली येतात आणि त्यांच्याजवळ मी बसते.